एका वर्गात गुन्हा, दुसऱ्या वर्गात विषय

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेतला संस्कृतचा तास आठवून पाहा. 'देवः देवौ देवाः' असे घोकत आपल्यापैकी कित्येकांनी शब्द चालवले, परीक्षेत पैकीच्या पैकी गुणही मिळवले. पण कुणी समोर येऊन संस्कृतात पेलाभर पाणी मागितले असते, तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो असतो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये स्पॅनिश भाषेची बराच काळ हीच गत होती. तिथली मुले 'आब्लो, आब्लास, आब्ला' म्हणजे 'मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो' अशी क्रियापदे चालवायची. दोन वर्षे 'मी बोलतो, मी बोलतो' असे घोकल्यावरही ती बोलत मात्र काहीच नसत.

शाळकरी मुलांना स्पॅनिशची गोडी कशी लावायची, यावर त्या देशात शंभराहून अधिक वर्षे नाना प्रयोग झाले. टेपरेकॉर्डर आले, खेळ आले, आज्ञा आल्या, गोष्टी आल्या. हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पण त्याच्या पोटात एक विसंगती दडलेली आहे. ज्या काळात गोऱ्या मुलांना ही भाषा शिकवण्यासाठी सरकार पैसा ओतत होते, त्याच काळात ज्यांच्या घरी ती बोलली जात होती त्या मुलांना ती शाळेत बोलल्याबद्दल छड्या बसत होत्या. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करू. त्याआधी अमेरिकेच्या माध्यमिक शाळांत लॅटिन सोडली, तर सर्वाधिक मुले जर्मन शिकत. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन ही शत्रूची भाषा ठरली. पाहता पाहता जर्मनचे वर्ग ओस पडले. त्या रिकाम्या जागेवर फ्रेंचबरोबर स्पॅनिश आली. पनामाचा कालवा १९१४ मध्ये खुला झाला होता, दक्षिण अमेरिकेशी व्यापार वाढेल अशी आशा होती. स्पॅनिश शिकवणाऱ्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९१७ मध्येच स्थापन झाली, हा काही योगायोग नव्हे. म्हणजे स्पॅनिश शाळेत आली ती व्यापाराची भाषा म्हणून. शेजाऱ्याची भाषा म्हणून नव्हे.

शिकवण्याची रीत मात्र जुनीच राहिली. नियम पाठ करायचे, शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, वाक्यांचे भाषांतर करायचे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी गिरवली आहे, त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. १९२९ मध्ये एका मोठ्या पाहणीचा अहवाल आला. कोलमन अहवाल म्हणून तो ओळखला जातो. त्याचे म्हणणे असे की, बहुतेक मुले परकीय भाषा जेमतेम दोन वर्षे शिकतात. एवढ्या अवधीत बोलणे काही जमायचे नाही, तेव्हा निदान वाचायला शिकवा. हिशेब व्यवहारी होता, पण त्याचा परिणाम असा झाला की, भाषेच्या तासातून बोलणे जवळजवळ हद्दपार झाले.

मग एका उपग्रहाने चित्र पालटले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला. आपण मागे पडलो, या भीतीने अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्यात विज्ञान आणि गणिताच्या जोडीला परकीय भाषांनाही पैसा मिळाला. शाळाशाळांतून 'भाषा प्रयोगशाळा' उभ्या राहिल्या. छोट्या छोट्या कप्प्यांत मुले कानाला हेडफोन लावून बसत. टेपवरचा आवाज एक वाक्य म्हणे, मुले त्याच्यामागून तेच म्हणत. मग एक शब्द बदलायचा आणि पुन्हा तेच वाक्य. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना भाषा शिकवताना अशी घोटाई उपयोगी पडली होती, म्हणून ती शाळेत आणली गेली. पण सैनिकाला उद्या त्या मुलुखात उतरायचे असते. तेरा वर्षांच्या मुलाला मधल्या सुटीत फक्त मैदानात उतरायचे असते. थोड्याच वर्षांत प्रयोगशाळांची नवलाई संपली. पाठांतराचा कंटाळा तोच होता, त्याला फक्त वीज जोडली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. टेक्सास, न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कॅलिफोर्निया हा सारा मुलूख पूर्वी मेक्सिकोचा. टेक्सास १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला, बाकीचा बहुतेक प्रदेश १८४८ च्या तहाने आला. म्हणजे इथल्या कित्येक घराण्यांनी देशांतर केलेच नव्हते. सीमा त्यांच्या अंगावरून पुढे सरकली होती. त्यांच्या घरात स्पॅनिश होती, ती तशीच राहिली. पण १९१८ मध्ये टेक्सासने कायदा केला आणि शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे गुन्हा ठरवले. माध्यमिक शाळेत 'परकीय भाषा' म्हणून स्पॅनिश शिकवायला मुभा होती. परकी म्हणून ती चालत होती, फक्त आपली म्हणून चालत नव्हती.

या काळातला एक शिक्षक पुढे जगप्रसिद्ध झाला. १९२८ मध्ये टेक्सासमधल्या कोटुला या लहानशा गावी, मेक्सिकन मुलांच्या शाळेत वीस वर्षांचा एक तरुण शिकवायला आला. त्याचे नाव लिंडन जॉन्सन. मुले गरीब होती, पुष्कळदा उपाशीपोटी शाळेत येत. त्याने पदरमोड करून मुलांसाठी खेळाचे साहित्य आणले, वादविवाद स्पर्धा सुरू केल्या, शाळेत जीव ओतला. पण त्याच्या चरित्रकारांनी हेही नोंदवले आहे की, मैदानावर स्पॅनिश बोलताना सापडलेल्या मुलाला तो शिक्षा करी. इंग्रजी आल्याशिवाय या मुलांचे भले होणार नाही, अशी त्याची मनापासून समजूत होती. वाईट हेतू नसतानाही मुलाची भाषा हिरावून घेता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

टेक्सासमधल्याच मार्फा गावची ब्लॅकवेल शाळा तर एक पाऊल पुढे गेली. १९०९ ते १९६५ या काळात ही मेक्सिकन-अमेरिकन मुलांची वेगळी शाळा होती. १९५४ मध्ये तिथे स्पॅनिशचा चक्क अंत्यविधी करण्यात आला. 'मी स्पॅनिश बोलणार नाही' अशा आशयाच्या चिठ्ठ्या मुलांकडून लिहून घेतल्या, त्या पेटीत घातल्या आणि ती पेटी शाळेच्या आवारात समारंभपूर्वक पुरली. त्यानंतर जो स्पॅनिश बोलेल त्याला मार. विचार करा, आई ज्या भाषेत जेवायला हाक मारते, तीच भाषा मुलांनी आपल्या हातांनी मातीत गाडायची! चारच वर्षांनी त्याच देशाच्या सरकारने मुलांना परकीय भाषा बोलता याव्यात म्हणून तिजोरी उघडली. ज्यांना ती आधीच येत होती, त्यांच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

या दोन बाजू पहिल्यांदा एका छपराखाली आल्या त्या फ्लोरिडामधल्या मायामी शहरात. १९५९ मध्ये क्यूबात फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले आणि तिथून निर्वासितांचा लोंढा मायामीत येऊ लागला. १९६० ते १९६२ या दोन वर्षांत तर चौदा हजारांहून अधिक मुले आईवडिलांशिवाय एकटी विमानाने आली. आलेल्यांत शिक्षक होते, डॉक्टर होते, वकील होते. आपण वर्ष-दोन वर्षांत परत जाणार, अशी त्यांची खात्री होती. तेव्हा मुलांचे स्पॅनिश टिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांना आसरा देणाऱ्या अमेरिकेलाही त्या वेळी त्यांच्या परत जाण्यात रस होता.

यातून सप्टेंबर १९६३ मध्ये कोरल वे या प्राथमिक शाळेत एक प्रयोग सुरू झाला. फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला. शाळेत निम्मी मुले इंग्रजी घरांतली, निम्मी क्यूबन. पहिल्या तीन इयत्तांपासून प्रारंभ झाला. दिवसाचे दोन भाग केले. एका भागात प्रत्येक मूल आपल्या घरच्या भाषेत शिके, दुसऱ्या भागात तेच विषय दुसऱ्या भाषेत उजळणीला येत. इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षिका आणि क्यूबन शिक्षिका जोडीने काम करत, धड्यांची आखणी एकत्र बसून करत. मधल्या वेळात संगीत, चित्रकला, खेळ आणि जेवण यांसाठी सारी मुले एकत्र येत आणि तिथे दोन्ही भाषा चालत.

वरवर पाहता ही वेळापत्रकाची मांडणी वाटते. पण तिच्यात मोठी कल्पकता होती. इंग्रजी घरातल्या मुलासाठी स्पॅनिश हा पुस्तकातला विषय राहिला नाही, शेजारच्या बाकावरच्या मुलाची ती भाषा झाली. चेंडू त्याच्याकडे होता. तो हवा असेल तर त्याच्याशी बोलावे लागणार होते. आणि त्या क्यूबन मुलासाठी काय बदलले? दिवसातला निम्मा वेळ तो वर्गातला कच्चा विद्यार्थी होता, उरलेला निम्मा वेळ तो हुशार होता. दुसऱ्या मुलांना जे येत नाही ते त्याला येत होते. मार्फाच्या मुलांना जे सुख कधी मिळाले नाही, ते त्याला मिळाले.

सुरुवातीला पालकांना केवळ इंग्रजीचा वर्ग निवडण्याचीही मुभा होती. लवकरच दोन्ही भाषांच्या वर्गाला इतकी पसंती मिळाली की, नुसत्या इंग्रजीच्या वर्गाची गरज उरली नाही. पहिल्या काही वर्षांच्या प्रगतीचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की वाचन आणि गणितात ही मुले साध्या शाळांतल्या मुलांच्या मागे पडलेली नाहीत. एक गोष्ट मात्र साधली नाही. क्यूबन मुलांचे इंग्रजी जितके पुढे गेले, तितके इंग्रजी मुलांचे स्पॅनिश गेले नाही. मुले आपापली खेळू लागली की, खेळ इंग्रजीकडेच झुकायचा. शाळेने दोन्ही भाषांना सारखे माप दिले, तरी फाटकाबाहेरच्या शहरात माप सारखे नव्हते. टीव्ही, दुकान, कचेरी सारे इंग्रजीत. शाळा एकटी किती करू शकते, याची मर्यादाही या प्रयोगाने दाखवून दिली.

कोरल वेनंतर दिल्लीपर्यंत नव्हे, पण वॉशिंग्टनपर्यंत हा विषय पोहोचला. टेक्सासचे सिनेटर राल्फ यारबरो यांनी द्विभाषिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९६८ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली. हे राष्ट्राध्यक्ष म्हणजेच कोटुलाचे ते मास्तर, लिंडन जॉन्सन. मैदानात स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांना शिक्षा करणाऱ्या हातानेच त्या भाषेला वर्गात जागा देणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षी टेक्सासनेही आपला १९१८ चा निर्बंध उठवला.

ज्या शाळांत स्पॅनिश घरची मुले नव्हती, तिथे काय करायचे? इथे शिक्षकांची कल्पकता कामाला आली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी एक साधी गोष्ट हेरली. तान्हे मूल बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी आपले बोलणे समजू लागते. 'इकडे ये', 'चेंडू आण', 'बाबांना दे' म्हटले की ते करते. बोलते मागाहून. मग वर्गात आधी बोलण्याची सक्ती कशाला? अॅशर यांच्या पद्धतीत शिक्षक म्हणतात, 'लेवान्ताते', मुले उभी राहतात. 'सियेन्ताते', मुले बसतात. 'आब्रे ला पुएर्ता', कुणीतरी जाऊन दार उघडते. मुलांनी तोंड उघडायचे नाही, अंग हलवायचे. घोकंपट्टी नाही, भाषांतर नाही, चूक झाली म्हणून कुणी हसणे नाही. १९६० च्या दशकात त्यांनी जपानी आणि रशियन भाषांवर हे प्रयोग केले, १९७० च्या दशकात स्पॅनिशवरही केले. बोलायला तयार होईपर्यंत मुलाला गप्प राहण्याचा हक्क देणे, हीच या पद्धतीची खरी देणगी.

पण आज्ञांनी किती दिवस भागणार? 'काल मी कुठे गेलो होतो' हे आज्ञेत सांगता येत नाही. शिवाय महिनाभर ऊठबस केल्यावर पोरेही कंटाळतात. कॅलिफोर्नियातल्याच बेकर्सफील्डचे स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांना ही अडचण जाणवली. १९९० च्या सुमारास त्यांनी अॅशर यांच्या पद्धतीला गोष्टीची जोड दिली. ही गोष्ट शिक्षक सांगत नाही, विचारतो. एक मुलगा आहे. त्याला काहीतरी हवे आहे. काय हवे आहे? वर्गातून उत्तर येते, हत्ती! केवढा हत्ती? मोठा की लहान? लहान? किती लहान? खिशात मावेल एवढा? तो मुलगा हत्ती आणायला कुठे जातो? दोन-तीन मुले पुढे येऊन हे सगळे करून दाखवतात. एवढ्या प्रश्नोत्तरांत 'त्याला हवे आहे' हे क्रियापद तीस-चाळीस वेळा कानावरून जाते आणि पाठांतर झाले, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. गोष्ट जितकी तऱ्हेवाईक, तितकी ती पक्की बसते. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

तिसरी वाट लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीने चोखाळली. कॅनडातल्या मॉन्ट्रियलजवळ १९६५ मध्ये इंग्रजी मुलांना पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधूनच शिकवण्याचा प्रयोग झाला होता. त्या धर्तीवर १९७१ मध्ये कल्व्हर सिटीतली इंग्रजी घरांतली बालवाडीची मुले थेट स्पॅनिशच्या पाण्यात सोडण्यात आली. शिक्षिका स्पॅनिशखेरीज बोलत नसे. मुले इंग्रजीत काही म्हणाली तरी तिला ते कळे, पण उत्तर स्पॅनिशमध्ये मिळे. इथे स्पॅनिशचा तास असा नव्हताच. गणिताचा तास होता, चित्रकलेचा होता, डबा खाण्याची वेळ होती आणि हे सारे स्पॅनिशमध्ये होते.

या साऱ्या प्रयोगांना राजकारणाचे धक्केही बसले. ज्या मायामीत कोरल वेचा प्रयोग झाला, त्याच परगण्याच्या मतदारांनी १९८० मध्ये सरकारी कामात इंग्रजीखेरीज अन्य भाषेवर पैसा खर्च करायला बंदी घातली. ती १९९३ मध्ये उठली. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये सार्वमताने द्विभाषिक वर्गांना कात्री लागली, २०१६ मध्ये सार्वमतानेच तो निर्बंध दूर झाला. मधल्या काळात, २०११ मध्ये, त्याच राज्याने दोन भाषा उत्तम येणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर खास मोहर उमटवायला सुरुवात केली आणि इतर राज्यांनी ती उचलली. आज अमेरिकेत चार कोटींहून अधिक माणसे घरी स्पॅनिश बोलतात, आणि शाळेत परकीय भाषा घेणाऱ्या मुलांत स्पॅनिश घेणारेच सर्वांत जास्त असतात. या मुलांत न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलेही आहेत. आठवडाभर शाळेत ती स्पॅनिश शिकतात आणि सुटीच्या दिवशी तिथल्या मंडळांनी चालवलेल्या मराठी शाळेत जाऊन बाराखडी गिरवतात. त्यांच्या आईवडिलांना कोरल वेची कथा वेगळ्या कारणाने जवळची वाटेल. वर्गात कितीही शिकवले, तरी भाषेला खेळायला मैदान लागते. ते मैदान मराठीसाठी कुठून आणायचे, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे.

आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या काही शाळांत आता स्पॅनिश विषय म्हणून घेता येतो. तिथले शिक्षक गाणी, खेळ, नाटुकली, पाककृती अशा नाना युक्त्या करत असतील, त्यांनी त्या जरूर कराव्यात. अॅशर आणि रे यांच्या वर्गांतून उचलण्यासारखे पुष्कळ आहे: मुलाला आधी ऐकू द्या, बोलण्याची घाई करू नका, त्याला काहीतरी करायला द्या, त्याचीच गोष्ट त्याला बांधू द्या. पण या शतकभराच्या इतिहासातून सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती युक्त्यांच्या पलीकडची आहे. मुले भाषेबरोबर तिची पतही शिकतात. जी भाषा बोलली म्हणून बाकावरच्या सोबत्याला मार बसतो, ती शिकण्यात काही अर्थ आहे, असे त्यांना कोणत्याही खेळाने पटवता येत नाही. आणि ती भाषा बोलणारा मुलगा वर्गात मानाने बसलेला दिसला, तर ती शिकण्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

मार्फाची ती शाळा कधीच बंद झाली. पण तिचे माजी विद्यार्थी विसरले नव्हते. २००७ मध्ये पन्नास-साठी ओलांडलेली ती मुले पुन्हा जमली आणि त्यांनी पुरलेली स्पॅनिश प्रतीकरूपाने जमिनीतून वर काढली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने केलेल्या कायद्याने ब्लॅकवेल शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे येणाऱ्या शाळकरी मुलांना आता ती गोष्ट सांगितली जाते, आणि ज्याला जी भाषा जवळची असेल, त्या भाषेत ती ऐकायला तिथे कुणाची हरकत नसते.